मागचा रॉड बसवण्याआधी

मागच्या चाकांना जाड रॉड (अँटी-रोल बार) लावून गाडीचं वळणावर झुकणं बंद करायचा बेत असेल, तर दुकानदाराला फोन करण्याआधी एकदा गाडीखाली वाकून बघा. मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक आडवी लोखंडी तुळई दिसते का? स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, पोलो अशा बहुतेक छोट्या गाड्यांना ती असते. तिला टॉर्शन बीम म्हणतात. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ती पिळली जाते, पिळाला विरोध करते आणि गाडीला कलंडू देत नाही. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही रॉड आणायला निघालात, ते काम कंपनीने या तुळईला आधीच नेमून दिलेलं आहे. वेगळा रॉड दिसत नाही म्हणजे कंपनीने पैसे वाचवले, असं रामटेकपासून सीताबर्डीपर्यंत कुणीही छातीठोकपणे सांगेल. त्याचं ऐकू नका.

माझी गाडी जुनी स्विफ्ट, २००५ साली भारतात आली त्या पिढीतली. रामटेकहून मनसर, तिथून महामार्गाने कामठी आणि नागपूर, हा माझा कामाचा रस्ता. सुटीच्या दिवशी घरच्यांना घेऊन खिंडसी तलावाकडे नाहीतर नगरधनच्या किल्ल्याकडे चक्कर. गाडी भरलेली असली की वळणावर मागे बसलेले एकमेकांच्या अंगावर जायचे. नागपुरातल्या एका ओळखीच्याने गाडी विकताना तिचा मागचा रॉड काढून ठेवला होता, तो मी घेतला. रामटेकच्या आमच्या मिस्त्रीने तो बसवून दिला. तुळईच्या दोन्ही टोकांच्या आर्मना क्लॅम्प, मध्ये जाड रॉड, चार बोल्ट. काम अर्ध्या दुपारचं.

कोरड्या रस्त्यावर गाडी खरोखर बदलली, हे खोटं बोलून चालणार नाही. स्टेअरिंग वळवलं की नाक लगेच वळणात शिरायचं. मागची मंडळी आपापल्या जागी बसून राहायची. मिस्त्री मात्र रामटेकच्या गडाच्या रस्त्याने एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी झुकून नाही राह्यली हे बरोबर, पण मागचं आतलं चाक उचलून राह्यली. ध्यानात ठेवा." त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं पुस्तक उघडलेलं नाही, पण अख्खा विषय त्या दोन वाक्यांत होता.

वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकेल, हे वेग, वळणाची त्रिज्या, गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ठरवतात. रॉड हा एकूण भार कमी करत नाही. त्यातला किती पुढच्या जोडीने झेलायचा आणि किती मागच्या, एवढीच वाटणी तो बदलतो. मागे जाड रॉड टाकला की मागचं बाहेरचं चाक जास्त दाबलं जातं आणि आतलं हलकं होतं. इथे टायरचा एक स्वभाव आडवा येतो. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे हलक्या झालेल्या चाकाने जी पकड गमावली, ती जड झालेलं चाक पुरती भरून देत नाही. मागच्या जोडीची पकड घटते, पुढच्या जोडीवरचा ताण कमी होऊन तिची वाढते. नाक झटकन वळतं ते यामुळे. चालवणाऱ्याला वाटतं गाडी रस्त्याला जास्त चिकटली. चिकटलेलं असतं फक्त पुढचं टोक.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या कंपन्या मुद्दाम अशा जुळवतात की हद्द ओलांडली तर आधी पुढची चाकं सरकावीत. गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ लागते, माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, भार पुढे येतो आणि पकड परत मिळते. घाबरलेल्या माणसाच्या हातून आपोआप जे घडतं तेच त्याला वाचवतं. यामागे शहाणपण आहे. मागे जाड रॉड लावलेल्या गाडीत तीच हालचाल उलटी पडू शकते. पाय निघाला की भार पुढे जातो, आधीच हलकी झालेली मागची चाकं आणखी हलकी होतात आणि शेपूट बाहेर पडतं.

जुलैच्या झिमझिमीत मनसरहून रामटेककडे येताना माझ्या गाडीचं हेच झालं. रोवणीचे दिवस होते. ट्रॅक्टरच्या चाकांनी बांधीतला चिखल डांबरावर आणून ठेवलेला. वेग साठच्या आतबाहेर, म्हणजे त्या रस्त्यावर कुणालाही जास्त वाटू नये असा. वळणात गाय आडवी आली आणि पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. ब्रेक अजून दाबलाही नव्हता. गाडी मागून फिरली आणि तोंड मनसरकडे करून थांबली, एक मागचं चाक साइडपट्टीच्या खाली, चिखलात. समोरून त्या वेळी काही येत नव्हतं. गाय निघून गेली. पत्र्यालाही काही झालं नाही, पण पुढचा बराच वेळ माझे हात स्टेअरिंगवर थरथरत होते.

दोष सगळा रॉडचा नव्हता. त्याआधी टायरची एक नवी जोडी घेतली होती, आणि सगळीकडे टाकतात तशी ती पुढे टाकली होती, "गाडी पुढच्या चाकांवर चालते ना" म्हणून. झिजलेली जोडी मागे. टायर कंपन्या वर्षानुवर्षं उलट सांगत आल्या आहेत: दोनच नवे टायर घेतले तर ते मागे टाका, गाडी कुठल्याही चाकांवर चालणारी असो. ओल्या रस्त्यावर पुढचं टोक सरकलं तर निदान कळतं आणि सावरता येतं. मागचं सरकलं तर सामान्य माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. मागे जाड रॉड आणि मागेच गुळगुळीत टायर, ही जोडी पावसाळ्यात नकोच. अशा वेळी एबीएस काही करत नाही, कारण ते ब्रेक दाबल्यावरच कामाला लागतं. घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी असेल तर थोडा आधार मिळतो, पण त्याचा सगळा हिशेब कंपनीच्या मूळ सस्पेन्शनवर बसवलेला असतो.

नव्या गाडीच्या बाबतीत कंपन्यांनाही हा समतोल साधणं जड गेलेलं आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘टेक्निकन्स व्हार्ल्ड’ या स्वीडिश मासिकाच्या चाचणीत मर्सिडीझची नवीकोरी ए-क्लास उलटली. अचानक आडव्या आलेल्या एल्क नावाच्या मोठ्या हरणाला चुकवून पुन्हा आपल्या रस्त्यावर यायचं, अशी ती चाचणी. आमच्याकडे देवलापार-पेंचच्या बाजूला एल्कच्या जागी रोही किंवा चितळ धरा, प्रसंग तोच. मर्सिडीझने त्यानंतर सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी सगळ्या ए-क्लासमध्ये दिलं. एकच सुटा भाग बदलून ते मोकळे झाले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आता आमच्या रस्त्यांचं. अरुंद डांबरी रस्त्यावर समोरून ट्रक आला की डावी चाकं साइडपट्टीवर उतरवायची, ही ग्रामीण भागातली रोजची रीत. डांबर आणि मुरूम यांच्यात कधी चार बोटांची, कधी वीतभर पायरी असते. दोन्ही मागची चाकं एकदम वर-खाली झाली, जशी सरळ घेतलेल्या स्पीडब्रेकरवर होतात, तर रॉड गप्प बसतो. एकच चाक उतरलं की तो पिळला जातो आणि त्या चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूला पोचवतो. गाडी डावी-उजवीकडे डोकं हलवत चालते. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मानेला ते फार जाणवतं. बूड घासू नये म्हणून स्पीडब्रेकर तिरपा घेण्याची सवय असेल, तर तिथेही तेच. ट्रॅकवर साइडपट्टी नसते. हे रॉड ज्यांच्या डोक्यातून निघाले, त्यांना मौदा-रामटेक भागातले रस्ते कुठून ठाऊक असणार!

म्हणून झुकण्याची तक्रार असेल तर आधी जुन्या गोष्टी तपासा. गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडा. वर येऊन थांबला तर शॉकअप जिवंत आहे. दोनदा-तीनदा डुलला तर संपलेला आहे. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं असेल तर दाबून बघायचीही गरज नाही. पुढच्या चाकांना बहुतेक गाड्यांत कंपनीचाच रॉड असतो, त्याची लिंक आणि रबरी बुश बघा. खड्ड्यावर पुढून खट्खट् आवाज येत असेल तर लिंक रॉडचा बॉल जॉइंट सुटलेला असतो आणि तो पुढचा रॉड नावापुरता लोंबकळत असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. जुनी रबरं त्यात कडक होऊन तडकतात. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २४१९ म्हणजे २०१९ चा चोविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी म्हातारं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, भरलेल्या गाडीचा वेगळा. माझ्या गाडीचे मागचे शॉकअप नवे टाकल्यावर झुकण्याची निम्मी तक्रार गेली. रॉड तोवर काढून टाकलेला होता.

एवढं करूनही रॉड हवाच असेल, तर सगळ्यात पातळ निवडा. १६ आणि १९ मिलिमीटरचे रॉड शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांना जेमतेम कळतो. पण भरीव रॉडचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं सारखं असेल तर १९ चा रॉड १६ च्या जवळपास दुप्पट ताठ आणि २२ चा साडेतीन पट. "थोडा जाड घेऊन टाका" हे वाक्य इथे चालत नाही. रॉड पोकळ असेल तर बाहेरच्या मापावरून काहीच ठरवू नका, भिंतीची जाडी विचारा.

फॅब्रिकेशनच्या दुकानातून लोखंडी सळई वाकवून घेणं स्वस्त पडतं आणि तिथेच फसगत होते. साधं पोलाद आणि स्प्रिंगचं पोलाद यांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. म्हणून नवा असताना दोन्हींत फरक कळत नाही. साधी सळई मोठ्या पिळात वाकते आणि वाकलेलीच राहते, मग गाडी एका बाजूला तिरकी उभी राहते. त्याहून वाईट म्हणजे तुळईवर क्लॅम्प वेल्ड करणं. तुळई जन्मभर पिळली जाण्यासाठी बनवलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला धातू बदलतो आणि तडा त्याच रेषेत सुरू होतो. कुणी वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला तर गाडी तिथून बाहेर काढा.

बसवताना बोल्ट आधी नुसते अडकवायचे. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर असताना किंवा रॅम्पवर गाडीचं वजन चाकांवर असताना. चाकं हवेत लोंबकळत असताना आवळलं तर बुश कायमचा पीळ घेऊन बसतात. एकच बाजू जॅकवर उचलून तर हे काम करूच नये. रॉड पिळलेला असतो आणि शेवटचा बोल्ट काढताना टोक हातावर उसळतं. गाडीखाली जायचं तर जॅकच्या भरवशावर नाही, स्टँड लावून. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असावं आणि नायलॉनवाले नट नवे असावेत. मग हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाइप, सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी यांपासून रॉड किती दूर आहे ते दोनदा बघा: एकदा चाकं लोंबकळत ठेवून आणि एकदा मागे चार धडधाकट माणसं बसवून. बुश पॉलियुरेथेनचे असतील तर सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात बैलगाडीच्या आसासारखं कुरकुरायला लागतात. काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

नवी वागणूक गडाच्या रस्त्यावर आजमावू नका. तिथे यात्रेकरू चालत असतात आणि वानरं कधीही उडी मारतात. खरी हौस असेल तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेने होणाऱ्या ऑटोक्रॉसला जा. मोकळं मैदान, शंकू, हेल्मेट आणि बाजूला रुग्णवाहिका. तिथे मागचा ताठ रॉड खरोखर कामाचा आहे, कारण चालवणारा शेपूट बाहेर येण्याची वाटच बघत असतो.

कागदाची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा पडेल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर रॉडचा रकाना नसतो, त्यामुळे चौकात कुणी गाडीखाली वाकून बघत नाही. अपघातानंतर विम्याचा सर्वेअर मात्र वाकून बघतो. बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तरही लेखीच घ्या. गाडी विकायची झाली तर रॉड काढूनच द्या. घेणारा तुमच्या मागच्या टायरची नक्षी बघेल, पण मागे काय बसवलंय हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.