वाणिज्य पाठ : सगळ्या मेडिकलमध्ये एकच भाव का?



वर्गात 'संगनमत' हा शब्द आला की मुले हमखास विचारतात, "सर, लोधीपुऱ्यापासून स्टेशनपर्यंत औषधाचा भाव एकच, म्हणजे हे संगनमतच ना?"

तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. पाकिटावरची एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे. त्याहून कमी घेण्यास मनाई नाही. सगळे छापील भावानेच विकतात, ही नुसती सवयही असू शकते. ज्याला स्वस्त विकायचे आहे त्याला विकू दिले नाही, की संगनमत आले.

हिशोब पाहू. समजा, छापील किंमत १०० रुपये आणि दुकानदाराला औषध ८० रुपयांना पडते. एकाने ते ९० ला विकले तर नफा निम्मा होईल, पण खप दुपटीहून वाढला तर फायदा त्याचाच. म्हणून भाव न उतरविण्याचा तोंडी करार टिकत नाही, कोणीतरी फुटतोच. तो टिकवायला धाक लागतो, आणि तो धाक पुरवठ्याचा. जो फुटेल त्याचा माल बंद!

कंपनी हे का ऐकते? विक्रेत्यांच्या संघटनेने बहिष्कार घातला तर तिचे औषध दुकानात दिसणारच नाही. शिवाय भार पडतो रुग्णावर, आणि तो डॉक्टरांनी लिहिलेलेच औषध घेतो. कांदा महागला तर आपण कमी खातो; रक्तदाबाची गोळी कशी कमी करणार?

गोव्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये आदेश दिला. नवा स्टॉकिस्ट नेमायला संघटनेचे ना-हरकत पत्र, मार्जिन संघटनेने ठरविलेले, सूट देण्यावर बंधन. हे सर्व आयोगाने स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ चे उल्लंघन ठरविले. दंड झाला २ लाख रुपये. एवढ्याशा रकमेने कोण घाबरणार? २०१४ मध्ये त्याच संघटनेला आयोगाने पुन्हा दंड केला.

आपल्या जवळचे उदाहरण इंदूरचे. तेथेही प्रश्न ना-हरकत पत्राचाच होता. जून २०१९ च्या आदेशात आयोगाने मध्य प्रदेश व इंदूरच्या संघटनांबरोबर दोन औषध कंपन्यांनाही दोषी धरले. एकूण दंड सुमारे ७४ कोटी रुपये, आणि जवळजवळ सगळा कंपन्यांवर. म्हणजे हात मिळविणारा पुरवठादारही करारातला भागीदार धरला गेला.

आपल्या पालकांपैकी काहींची औषधाची दुकाने आहेत. त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. संघटना असणे हा गुन्हा नाही; परवाने, कर यांविषयी शासनाशी बोलणे हे तिचे कामच आहे. कोणाला माल मिळावा आणि कोणी किती सूट द्यावी, हे ठरविणे मात्र तिचे काम नव्हे.

गृहपाठ : वरील हिशोबात दुकानदार १०० रुपयांना १०० पाकिटे विकत होता. आता ९५ रुपयांना विकून आधीइतका नफा मिळविण्यास त्याला निदान किती पाकिटे विकावी लागतील? उत्तर वहीत मांडून आणावे.