साठीनंतर सोडून काय उपयोग?

“आता लाकडे मसणात गेली, बिडी सोडून काय मिळणार?” हे वाक्य आपल्या सीमाभागात घरोघरी ऐकू येते. निपाणीच्या परिसरात तंबाखू पिकतो, विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातांवर कित्येक संसार चालतात. तेव्हा बिडी ही येथल्या वडीलधाऱ्यांची जुनी सोबतीण आहे. वरील वाक्यात वरवर पाहता व्यवहारी शहाणपण दिसते. परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्यात हिशेबाची चूक आढळते.

जो पैसा खर्च झाला आणि परत येणार नाही, त्याला आपण बुडीत खर्च म्हणतो. पुढचा निर्णय घेताना तो हिशेबात धरायचा नसतो. “चाळीस वर्षे ओढली” हा बुडीत खर्च झाला. प्रश्न एवढाच, की आज सोडल्यास उद्या पदरात काय पडेल?

प्रथम धूर हृदयाचे काय करतो ते पाहू. निकोटीनमुळे नाडी जलद चालते व रक्तदाब वाढतो, म्हणजे हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते. त्याच वेळी धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे पुरवठा घटतो. शिवाय रोहिणीच्या आतील अस्तराला इजा होते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. वयाने रोहिण्या आधीच कठीण झालेल्या असतात; तेथे एखादी लहानशी गुठळीही झटका आणण्यास पुरते.

यांपैकी रोहिणीतील जुना थर एकाएकी जात नाही, हे खरे. परंतु कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो आणि गुठळीचा धोकाही लवकर उतरू लागतो. म्हणूनच धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सोडल्यापासून साधारण एका वर्षात निम्म्यावर येतो.

याला मोठा पुरावा आहे. १९५१ साली रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच धूम्रपानाच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांची ही खतावणी पन्नास वर्षे चालली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा: तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याचे सुमारे १० वर्षांचे आयुष्य वाचते, चाळिसाव्या वर्षी ९, पन्नासाव्या वर्षी ६ आणि साठाव्या वर्षीही ३ वर्षांचे. लाभ घटत जातो, पण शून्य होत नाही. हृदयविकार जडल्यानंतरसुद्धा तेच. २० अभ्यासांच्या २००३ सालच्या आढाव्यात, धूम्रपान सोडणाऱ्या हृदयरोग्यांमधील मृत्यूचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी आढळला.

“मी दिवसाला एकच ओढतो” म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. रोज वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मी वाढ रोजच्या एका सिगारेटनेच होते, असे २०१८ सालच्या एका आढाव्यात दिसले. हृदयाच्या सावकाराला हप्त्याने फेड चालत नाही. खाते बंदच करावे लागते. बिडीत कागद नाही म्हणून ती निर्दोष, ही समजूतही खोटी आहे. तिच्या धुरातील निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटहून कमी नसतात. बिडीऐवजी चुना-तंबाखू वा मिश्री धरणे म्हणजे एका सावकाराकडून उठून दुसऱ्याच्या दारात जाणे होय.

सोडणे सोपे नाही. पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, झोप उडते, मन कशातच लागत नाही. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. अशा वेळी टोमणे न मारता घरच्यांनी साथ द्यावी; चहानंतर आजोबांबरोबर चार पावले चालावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनच्या गोळ्या अथवा च्युइंगगम घेता येते. सिगारेटच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा क्रमांक छापलेला असतो. तो वडीलधाऱ्यांना आपणच लावून द्यावा.

विद्यार्थी मित्रहो, मराठी घरातले आजोबा असोत वा कन्नड घरातले अज्जा, त्यांना उपदेश नको, हिशेब मांडून दाखवा. गेलेली चाळीस वर्षे कोणी परत आणू शकत नाही. पुढची तीन मात्र अजून त्यांच्याच हाती आहेत, आणि नातवंडांच्या दृष्टीने तीन वर्षे म्हणजे थोडीथोडकी शिल्लक नव्हे.