भाकरी म्हणजे नेमकी कशाची?

"भात, चपाती कमी करा, भाकरी खा," असे डॉक्टर सांगतात. रुग्ण मान डोलावून घरी येतो. पण आपल्या शिराळा तालुक्यात 'भाकरी' एवढ्या शब्दावरून धान्य कळत नाही. मांगले-सागावकडे भाकरी म्हटले की बहुधा जोंधळ्याची. पश्चिमेला आरळा-मणदूरच्या पावसात भात आणि नाचणी पिकते. तिकडे तांदळाची भाकरीही तितकीच घरची. साखरेचा आजार असलेल्याने ती खाल्ली, तर रक्तातली साखर भातासारखीच चढते. म्हणून डॉक्टरांना आपणच विचारावे, "भाकरी कशाची खाऊ? आणि किती?" जोंधळ्यातही पिष्ट आहेच, दोनाच्या चार भाकऱ्या झाल्या की पथ्य संपले.

जोंधळा, ज्वारी आणि रब्बीतला शाळू हे एकच धान्य. कर्नाटकात त्याला जोळ म्हणतात आणि भाकरीला रोट्टी. गुजरातेत जुवार, आंध्र-तेलंगणात जोन्न. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेला तांबडा मिलो आठवून म्हातारी माणसे अजून तोंड वाकडे करतात; तोही परदेशातला जोंधळाच होता. नाचणीचेही तसेच. नाशिककडे ती नागली, कर्नाटकात रागी, उत्तराखंडात मंडुआ. 'रागी' छापलेला महागडा डबा बाळासाठी आणण्यापूर्वी घरातली नाचणी आठवावी. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. एके काळी गरिबाचे म्हणून हिणवलेल्या याच धान्यांना केंद्र सरकार आता 'श्री अन्न' म्हणते, आणि 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले. धान्य तेच, मान तेवढा उशिरा मिळाला.

इथवर नावाच्या घोळाने फार तर पैसे जातात किंवा पथ्य मोडते. सीलिएक या आजारात मात्र त्याने प्रकृती ढासळते. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. या रुग्णाच्या आतड्याला ते सोसत नाही; वारंवार जुलाब होतात, मूल वाढत नाही, रक्त कमी राहते. त्याला जोंधळा, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका चालतात. गहू कोणत्याच रूपात चालत नाही, आणि गहू नाव बदलून येतो. रवा, मैदा, दलिया, शेवया हे सगळे गव्हाचेच. आपल्याकडची खपली पौष्टिक खरी, पण तोही गहूच. तिची खीर या रुग्णाला वर्ज्य. मुंबईत दुकानात 'भाखरी'चे पाकीट मिळते. गुजरातीत भाखरी म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाची कडक पोळी. नाव ऐकून आपला माणूस निर्धास्त होतो आणि फसतो.

सातूचा घोळ तर याहून मोठा. मराठीत सातू म्हणजे जव, आणि आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहूही घालतात. बिहारी सत्तू मुख्यतः भाजलेल्या हरभऱ्याचा असतो, पण त्यातही कधी जव मिसळतात. तेव्हा पाकिटावरचे मोठे नाव सोडून मागची घटकांची बारीक यादी वाचावी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून वाचून घ्यावी.

आमची एक कळकळीची सूचना आहे. नुसत्या संशयाने गहू बंद करू नका. आधी बंद केला तर रक्ततपासणीत आजार सापडत नाही. तपासणी होईपर्यंत नेहमीचे जेवण चालू ठेवावे.

आजार ठरल्यावर मात्र दळणही वेगळे हवे. गिरणीत आधी गहू दळला असेल, तर आत राहिलेले पीठ आपल्या जोंधळ्यात येते. इतरांना त्याने काही होत नाही. या रुग्णाला तेवढेही बाधते. त्याचे दळण घरच्या जात्यावर किंवा ज्या चक्कीत गहू पडत नाही तिथे काढावे, आणि कणीक मळलेल्या परातीत त्याची भाकरी थापू नये.