जुन्या वायु-क्रोमॅटोग्राफ यंत्रास संगणकाची जोड

चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यासाठीं पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. आतां त्याच्या भोंवतीं कारखान्यांची दाटी झाली असून त्यांच्या प्रयोगशाळांतील जुनीं यंत्रें वेळोवेळीं लिलांवांत निघतात. अशा एका लिलांवांत आमच्या संघानें एक वायु-क्रोमॅटोग्राफ घेतला. माल बाजारांत जाण्यापूर्वीं त्यांत फवारणीच्या औषधाचा अंश राहिला आहे कीं काय, याची प्राथमिक परीक्षा घरच्या घरीं व्हावी, हा हेतु. यंत्र धड होतें. परंतु त्याच्या जोडीचा संगणक बंद पडला होता, व त्याची आज्ञावली आजच्या संगणकावर चालेना. ही अडचण कशी दूर झाली व तींतून दुसरी, अधिक मोठी अडचण कशी उभी राहिली, तें इतर संघांच्या उपयोगासाठीं येथें देत आहों. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नव्हों. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. तरी नोंद कशी घ्यावी व तिच्यावर कितपत विसंबावें, हें त्या दप्तरानेंच आम्हांस शिकविलें आहे.

प्रथम यंत्राचें तत्त्व पाहूं. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं पानांतील रंगद्रव्यें खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून वेगवेगळीं केलीं व १९०६ सालीं या रीतीस क्रोमॅटोग्राफी हें नांव दिलें. पुढें १९४१ सालीं मार्टिन व सिंज यांनीं तींत महत्त्वाची सुधारणा केली. त्याबद्दल त्यांस १९५२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच १९५२ सालीं जेम्स व मार्टिन यांनीं द्रवाच्या ठिकाणीं वायूचा प्रवाह वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. आपलें यंत्र या शेवटच्या जातीचें. भट्टींत एक लांब वेटोळी नळी असते. तींतून नायट्रोजन सारखा वाहत असतो. मालाचा अर्क सुईनें आंत सोडला म्हणजे त्यांतील पदार्थ वाफ होऊन नळींतून निघतात. एकाच वेळीं गांवांतून निघालेल्या गाड्यांपैकीं हलकी गाडी आधीं व भरलेली मागाहून बाजारांत पोंचावी, तसे हे पदार्थ आपापल्या वेळीं दुसऱ्या टोंकास येतात. तेथील शोधक प्रत्येकाची वर्दी विजेच्या सूक्ष्म दाबानें देतो. कागदावर त्याचें शिखर उमटतें : शिखराची वेळ पदार्थ कोणता असावा हें सुचविते, आणि शिखराखालचें क्षेत्र तो किती आहे हें सांगतें. पूर्वीं हें क्षेत्र काढण्यासाठीं शिखर कात्रीनें कापून कागद तराजूंत तोलीत, किंवा मोजणी खात्यांत नकाशावर फिरवितात तो प्लॅनिमीटर फिरवीत. संगणकाकडे काम येतें तें एवढेंच.

यावरून ध्यानांत येईल कीं, जुनी आज्ञावली शोधीत बसण्याचें कारण नाहीं. शोधकाकडून येणारा विजेचा दाब संगणकास आंकड्यांत कळला कीं पुरे. त्यासाठीं दाबाचे आंकडे करणारी एक लहान पेटी मिळते. एका सभासदाचा मुलगा भोसरीस विजेचीं उपकरणें दुरुस्त करतो. त्यानें ती जोडून दिली. पुढील गोष्टी मात्र संभाळाव्या लागल्या.

(१) जुन्या यंत्रांस बहुधा दोन जोडण्या असतात : एक कागदी लेखणीसाठीं, दहा मिलिव्होल्टपर्यंतची, दुसरी क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणासाठीं, एक व्होल्टपर्यंतची. पेटी एक व्होल्टची असतां ती पहिल्या जोडणीस लावली, तर तिच्या पट्टीचा शंभरावा हिस्साच वापरला जातो व लहान शिखरें बुजतात. आम्हीं प्रथम हीच चूक केली होती.

(२) तार पिळाची व जाळीदार वेष्टणाची असावी आणि वेष्टण एकाच टोंकास जमिनीशीं जोडावें. दोन्ही टोंकांस जोडल्यास ५० आवर्तनांच्या घरगुती विजेची थरथर रेषेंत शिरते.

(३) शिखर दहा सेकंद रुंद असेल तर त्यावर निदान वीस नोंदी पडाव्यात, म्हणजे सेकंदास दोन. आम्ही दहा घेतों.

(४) सुई टोंचतांच घड्याळ सुरू झालें पाहिजे. हातानें कळ दाबण्यांत दोन सेकंद इकडेतिकडे झालीं तर एका औषधाचें शिखर दुसऱ्याच्या नांवावर चढतें. म्हणून पायानें दाबण्याची कळ बसविली.

(५) भट्टी तापविण्यापूर्वीं वायु सुरू करावा, व भट्टी थंड झाल्यावरच तो बंद करावा. हा क्रम चुकला तर नळी जळते.

(६) क्लोरीनयुक्त औषधांसाठीं लागणाऱ्या शोधकांत निकेल-६३ हें किरणोत्सर्गी द्रव्य असतें. तो भंगारांत घेणें वा उघडणें सर्वथा वर्ज्य आहे. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी हातीं येईपर्यंत आमचा शोधक मूळ कारखान्याच्याच ताब्यांत राहिला, व तेंच योग्य झालें.

यंत्र चालूं लागलें. ठराविक प्रमाणांत बनविलेल्या औषधाच्या द्रावणाचीं शिखरें प्रमाणांत येत. संगणकाच्या पडद्यावर रेषा स्वच्छ, आंकडे दशांशापर्यंत. सर्वांस आनंद झाला, आणि येथेंच आमचें चुकलें.

तिसऱ्या आठवड्यांत एका सभासदाच्या कांद्यांत, फुलकिड्यांवर मारतात त्या एका औषधाच्या वेळेवर, मोठें शिखर आलें. तो शपथेवर सांगे कीं, काढणीपूर्वीं महिनाभर त्यानें फवारा हातीं धरला नव्हता. परंतु संगणकाचा कागद समोर होता. त्याचा माल वेगळा ठेवण्याचें ठरून फळ्यावर त्याचें नांव लिहिलें गेलें. सायंकाळपर्यंत गोष्ट आडत्यांच्या कानीं गेली. दुसऱ्या दिवशीं त्याची पत्नी कचेरींत आली व म्हणाली, "भाऊसाहेब, यंत्र खोटें बोलत नसेल, पण आमच्या पोरांना शाळेंत लोक विचारतात त्याचें काय?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आम्हांस जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचें १५७ वें कलम आठवलें. अधिकार-अभिलेखांतील नोंद खरी मानावी, परंतु विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. सातबारा हातानें लिहिलेला असो वा संगणकावरचा, मूळ नोंद चुकली असेल तर संगणक तीच चूक सुवाच्य अक्षरांत छापतो. मग या शिखराची चौकशी कां होऊं नये?

चौकशी अशी केली. प्रथम केवळ द्रावक सोडला. शिखर आलें नाहीं. मग आमच्या परसांतला, कधींही औषध न लागलेला कांदा घेतला. तेंच शिखर, त्याच वेळेस! तिसऱ्या वेळीं सभासदाचा कांदा न चिरतां सबंध मायक्रोवेव्ह भट्टींत तापविला व मग त्याचा अर्क काढला. शिखर जवळजवळ नाहींसें झालें. कारण उघड झालें. कांदा चिरतांच त्यांतील ॲलिनेज नांवाचें एंझाइम गंधकयुक्त द्रव्यें मोकळीं करतें. डोळ्यांस पाणी येतें तें त्यांच्यामुळेंच. हा शोधक क्लोरीनप्रमाणें अशा गंधकाच्या द्रव्यांसही वर्दी देतो. आधीं तापविल्यानें एंझाइम निकामी होतें. मात्र उष्णतेनें औषधही नष्ट होऊं शकतें. म्हणून ठाऊक असलेलें प्रमाण मुद्दाम मिसळून तें पुरें परत मिळतें कीं नाहीं, हें दर वेळीं पाहावें. शेवटीं नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत पाठविला. तेथील वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रानें निर्वाळा दिला कीं, त्यांत तें औषध नाहीं. फळ्यावर ज्या अक्षरांत नांव लिहिलें होतें, त्याच अक्षरांत क्षमापत्र लिहिलें, व आडत्यांकडे आम्ही स्वतः जाऊन आलों.

दुसरा धोका याच्या उलट आहे. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याच्या अंशामुळें आपलीं द्राक्षें युरोपांत अडलीं. हें द्रव्य क्षाराच्या जातीचें असल्यानें आहे तसें वाफ होऊन आपल्या नळींतून जाऊंच शकत नाहीं. म्हणजे अशा मालावर आपलें यंत्र निर्दोषाचा शिक्का मारील! युरोपांत, विशेष मर्यादा ठरविलेली नसेल तेथें, किलोस ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे १०० टन मालांत एक ग्रॅम. असला निवाडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनेंच द्यावा. या विषयांत आपल्या जिल्ह्यांतील मांजरीचें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र देशांत प्रमाण मानलें जातें.

मग जुनें यंत्र घ्यावें कीं नाहीं? आमचें मत, घ्यावें. कोणता नमुना पुढें पाठवावा हें त्यावरून ठरतें आणि तरुण सभासद परीक्षणाची रीत शिकतात. परंतु प्रत्येक मालाबरोबर त्याच जातीचा, औषध न लागलेला नमुना तपासावा. आणि दुसऱ्या रीतीनें खात्री होईपर्यंत कोणाचेंही नांव फळ्यावर लिहूं नये. आमच्या संघानें आतां तसा नियम केला आहे, व त्या ठरावावर सूचक म्हणून पहिली सही त्याच सभासदाची आहे.