हृदयरुग्णांवर दूरस्थ देखरेख : खर्च आणि बचत

‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची शक्ती या विकारात कमी होते. शरीरात पाणी साठते, पायांवर सूज येते व धाप लागते. असे रुग्ण वारंवार रुग्णालयात दाखल होतात आणि उपचारखर्चाचा मोठा भाग या मुक्कामांवरच होतो. प्रकृती ढासळण्यापूर्वी बऱ्याचदा रुग्णाचे वजन काही दिवस वाढत असते. ही सूचना वेळीच डॉक्टरांपर्यंत पोहोचल्यास लघवीवाटे पाणी उतरविणाऱ्या औषधाची मात्रा वाढवून पुष्कळदा रुग्णालय टाळता येते. दूरस्थ देखरेखीमागील आर्थिक विचार हाच होय.

केवळ यंत्र अपुरे

अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांनी स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला रोज आपले वजन व लक्षणे कळवावयाची होती. १८० दिवसांत पुन्हा दाखल झालेल्या वा मृत्यू पावलेल्या रुग्णांचे प्रमाण देखरेखीखालील गटात ५२.३ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ५१.५ टक्के होते. म्हणजे खर्च झाला, लाभ मात्र पदरी पडला नाही.

जर्मनीचा अनुभव

जर्मनीतील चाचणीचे फलित २०१८ मध्ये जाहीर झाले. तेथे वजन, रक्तदाब, हृदयालेख व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण यांची नोंद रोज घरून केंद्राकडे जाई. केंद्रात डॉक्टर व परिचारिका अहोरात्र उपस्थित असत आणि नोंदी पाहून तातडीने कार्यवाही करीत. रुग्णालयातील अनपेक्षित मुक्काम वा मृत्यू यांमुळे गमावलेले दिवस वर्षाला सरासरी २४.२ वरून १७.८ वर आले. मृत्यूंचे प्रमाणही घटले. देखरेखीचा खर्च वजा जाता दर रुग्णामागे वर्षाला सुमारे १,७५० युरोंची बचत झाल्याचे नंतरच्या हिशेबात आढळले.

महाग साधनांचा हिशेब

फुप्फुसाच्या धमनीत बसविण्याच्या दाबमापकाची ५५० रुग्णांवरील चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत या विकारासाठी दाखल होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. परंतु २०१६ च्या सुमारास हे साधन सुमारे १७,७५० डॉलर किमतीचे होते. २०१६ मधील एका अमेरिकी अंदाजानुसार निरामय आयुष्याच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे सुमारे ७१,००० डॉलर अधिक खर्च येतो. येथे पैसा वाचत नाही; आयुष्य विकत घेतले जाते. ही किंमत मोजावी की नाही, हे समाजाने ठरवावयाचे आहे.

बचत कोणाच्या पदरात?

देखरेख केंद्राचा मुख्य खर्च मनुष्यबळाचा असल्याने तो पुरेशा रुग्णांत विभागला जावा लागतो. अलीकडेच रुग्णालयात राहून आलेल्या, म्हणजे अधिक जोखमीच्या रुग्णांची निवड केल्यासच तो भरून निघण्याचा संभव असतो. दुसरी अडचण अशी की, दर दाखल रुग्णामागे पैसे मिळणाऱ्या रुग्णालयाचे उत्पन्न देखरेखीमुळे घटते आणि लाभ विमासंस्थेला होतो. म्हणूनच अमेरिकेने ऑक्टोबर २०१२ पासून प्रमाणाबाहेर पुनर्दाखल होणाऱ्या रुग्णांबद्दल रुग्णालयांची देयके कापण्यास सुरुवात केली. जर्मनीने डिसेंबर २०२० मध्ये या सेवेचा अंतर्भाव सार्वजनिक आरोग्य विम्यात करण्याचा निर्णय घेतला. यंत्र खरेदी करण्यापूर्वी त्याच्या नोंदी कोण पाहणार आणि त्या कामाचा मोबदला कोण देणार, हे निश्चित होणे अगत्याचे आहे. ते झाले तरच रुग्णाला आपल्या घरी, आपल्या माणसांत अधिक दिवस घालविता येतील.