परसबागेतील सुवासिक वनस्पती

घरामागील चार हात जागेत काय लावावे, हे आवडीपेक्षा ऊन आणि पाणी पाहून ठरविणे श्रेयस्कर. कढीलिंबाला भरपूर ऊन हवे. त्याचे बी फार दिवस टिकत नाही. म्हणून पिकलेल्या काळ्या फळांचा गर धुऊन ते लगेच पेरावे. पहिली दोन वर्षे वाढ रेंगाळते. या काळात पाने ओरबाडण्याचा मोह घरोघरी होतो आणि बहुतेक रोपे त्यातच खुरटतात. पुढे मात्र एकच झाड अनेक वर्षे घराची गरज भागविते. पुदिन्याला अर्धी सावली व सततचा ओलावा मानवतो. परंतु तो पसरून शेजारच्या रोपांना दाबून टाकतो, यास्तव कुंडीतच बरा. गवती चहाचे ठोंब पावसाळ्याच्या आरंभी लावावेत. पाणीटंचाईच्या गावी पानओवा निवडावा. मांसल पानांमुळे तो ताण सोसतो, पण मुळाशी पाणी साचल्यास कुजतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाहिला जाणारा दवणा हिवाळ्यात वाढवावा. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात. उन्हाळ्यात ती लवकर फुलावर येते. मोरीचे साबणमिश्रित पाणी कोथिंबीर-पुदिन्याच्या वाफ्यात सोडू नये, कारण ही पाने पुष्कळदा कच्चीच खाल्ली जातात.