पिन आहे, मग साखळी कशाला?

उसाचा हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्र-दिवस ट्रॅक्टर धावू लागतात. माढा, पंढरपूर, माळशिरस, करमाळा या उजनीच्या पाण्यावर पोसलेल्या पट्ट्यातला ऊस दोन-दोन ट्रॉल्यांतून कारखान्याकडे निघतो आणि त्याच सुमारास कार्तिकीच्या दिंड्याही पंढरीची वाट धरतात. रिफ्लेक्टर नाहीत, भार जास्त आहे, टेप मोठ्याने लावलेला असतो, या तक्रारी दरवर्षी होतात आणि त्या रास्तच आहेत. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली ज्या जोडावर एकत्र चालतात, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. हा सगळा डोलारा एका लोखंडी पिनेवर अवलंबून असतो. माझे म्हणणे सरळ आहे. पिनेच्या जोडीला दोन साखळ्या अडकवल्याशिवाय भरलेली ट्रॉली रस्त्यावर आणू नये.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: पिन जाड आहे, ती कशाला तुटतेय? ती सहसा तुटत नाहीच, ती निघते. ट्रॉली भरताना काय घडते ते पाहा. ओल्या रानातून दोन्ही ट्रॉल्या एकदम निघत नाहीत. ट्रॅक्टर एक ओढून डांबरीवर आणून सोडतो, परत आत जाऊन दुसरी काढतो आणि मग अंधारात, मोबाइलच्या उजेडात, जोड लावला जातो. पिनेची क्लिप चिखलात पडलेली असते, म्हणून तिच्या जागी तारेचा तुकडा किंवा खिळा वाकवून घातला जातो. पुढे प्रत्येक गतिरोधकावर ट्रॉलीचा दांडा वर-खाली आपटतो, ब्रेक दाबला की पुढे येतो, वेग वाढवला की मागे ताणतो. हिसक्यांनी पिनेचे भोक लांबट होते, पिन सैल पडते, तार झिजते आणि कालव्याच्या पुलावर किंवा उड्डाणपुलाच्या चढाला पिन वर सरकून बाहेर पडते. पिनेची जाडी इथे उपयोगाला येत नाही.

दुसरा आक्षेप वेगाचा. ट्रॅक्टर असा कितीसा पळतो? समजा ताशी 20 किलोमीटर आणि समजा ट्रॉलीचे भरलेले वजन 10 टन. या वेगाला ट्रॉली सेकंदाला साडेपाच मीटर जाते आणि तिच्यातली ऊर्जा 1 टनाच्या मोटारीने ताशी 63 किलोमीटरने धडक द्यावी एवढी असते. त्यात बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. सुटल्यावर त्यांना थांबवते ते झाड, खड्डा किंवा समोरचा माणूस. मागची ट्रॉली सुटली तर चालकाला ते लगेच कळेलच असे नाही, कारण पुढच्या ट्रॉलीतल्या उसाआड त्याला ती दिसतच नाही. शिवाय जोड सुटताना मागच्या दिव्यांची वायरही तुटते आणि अंधारात ट्रॉली मागून येणाऱ्यालाही दिसत नाही.

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. साखळी असली तर उलटणारी ट्रॉली ट्रॅक्टरलाही ओढून घेईल, असे चालक म्हणतात. ही भीती निराधार नाही. पण साखळी नसण्याचा अर्थ इतकाच होतो की तो धोका चालकाकडून काढून समोरच्या दुचाकीस्वाराच्या किंवा दिंडीतल्या वारकऱ्याच्या माथी मारायचा. दुसरे असे की, साखळ्या नीट लावल्या तर उलटण्याची वेळ येण्याचा संभवच कमी होतो. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देत गेल्या, तर सुटलेला दांडा त्या फुलीत झेलला जातो. तो जमिनीत रुतत नाही आणि ट्रॉली बरीचशी ट्रॅक्टरच्या रेषेत राहते. जोड सुटला तरी ट्रॅक्टर सावकाश थांबेपर्यंतचा अवधी मिळवून देणे, एवढेच साखळीचे काम. अमेरिकेत मोठ्या घरगाडीमागे मोटार ओढून नेणारेही याच पद्धतीने वायररोप लावतात. तिथल्या व्यावसायिक वाहनांच्या नियमांत तर ओढल्या जाणाऱ्या पूर्ण ट्रेलरच्या एकूण वजनाइतकी ताकद या साखळीत हवी आणि वळण्यापुरताच ढिलेपणा असावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून साखळी कशीही लावून भागत नाही. गोठ्यातली जनावराची साखळी, कासरा किंवा बांधकामाची तार म्हणजे नुसता देखावा. साखळी ट्रॉलीच्या भरलेल्या वजनाला पुरणारी हवी आणि ती डी शॅकलने किंवा पट्टी असलेल्या हुकाने अडकवावी. ती त्याच पिनेत अडकवू नये. पिन गेली की साखळीही जाईल. एक टोक दांड्याच्या भक्कम भागाला आणि दुसरे ट्रॅक्टरच्या सांगाड्याला असावे. दुसऱ्या ट्रॉलीची साखळी पहिलीच्या चासीला बांधावी, फाळक्याला नव्हे. पूर्ण वळण घेऊन पाहावे: ताणली तर आखूड आहे, रस्त्याला घासली तर लांब आहे. घासलेली साखळी लवकर झिजते. आणि जोड सुटलाच तर करकचून ब्रेक मारू नये, नाहीतर ट्रॉली मागून येऊन ट्रॅक्टरवर आदळते. ॲक्सिलरेटर सोडावा, हँडल सरळ धरावे आणि हळूहळू थांबावे.

वेळ कुणाला आहे, असे कोणी म्हणेल. नंबर चुकला तर कारखान्याच्या गव्हाणीपुढे ताटकळावे लागते, हे खरे. पण पंढरपूर असो वा अकलूज, प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर दोनदा थांबतेच, भरलेली आणि रिकामी. क्लिप, भोक आणि साखळी पाहायला तेवढा वेळ पुरतो. हंगामापूर्वी कारखाने रिफ्लेक्टर लावून घेतात, तशी साखळीची अटही वाहतुकीच्या करारात घालता येईल. ती येईपर्यंत वाहतूकदाराने आपल्यापुरता नियम करावा: एकाच ट्रॉलीला साखळ्या असतील, तर दुसरी रानातच ठेवावी. एक खेप वाढेल, डिझेल जाईल. पण तो खर्च हिशेबात धरता येतो.